कानातली शिट्टी, गांजा आणि माझा एक चुकलेला सल्ला

हे प्रकरण लिहायला त्या मुलाची आणि त्याच्या वडिलांची, दोघांचीही परवानगी आहे. नाव, नोकरी आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. इथे त्याला सागर म्हणू. मी सोलापुरात रेल्वे लाइन्स भागात श्रवण तपासणीचं छोटं केंद्र चालवते. म्हणजे माझं काम कानापुरतं; मन आणि व्यसन हे माझे प्रांत नाहीत. तरी लिहायला बसले, कारण यातली मोठी चूक कानाच्या तपासणीत झाली नाही. ती त्या दुसऱ्या प्रांतात झाली, आणि माझ्याकडूनच झाली.

पार्श्वभूमी

सागर 26 वर्षांचा. घर शहराच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, गल्लीत आणि शाळेत मराठी. वडील 32 वर्षं यंत्रमागावर. आई पूर्वी विड्या वळायची, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून सोडलं. सागर बी.कॉम. करून स्पर्धा परीक्षेसाठी तीन वर्षं पुण्यात राहिला. पूर्वपरीक्षा एकदा निघाली, मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिलं. चौथ्या वर्षाचे पैसे घरून मागायची लाज वाटली म्हणून परत आला आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला लागला.

फेब्रुवारीत मित्राचं लग्न होतं. वरातीत डॉल्बी. दीड तास तो स्पीकरच्या भिंतीपुढे नाचला. लग्नघरी परतल्यावर चौघांनी गच्चीवर गांजा ओढला. रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन्ही कानांत बारीक, उंच शिट्टी वाजायला लागली. पाठोपाठ छाती धडधडली, हातपाय गार पडले, आपण आता मरतो असं वाटलं. मित्रांनी रात्री दोनला दवाखान्यात नेलं. ईसीजी नीट निघाला, ‘गॅस झालाय’ म्हणून पहाटे घरी पाठवलं. छातीचं थांबलं. शिट्टी राहिली.

मोठ्या आवाजानंतर कान वाजणं यात नवल काही नाही. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. दीड तास डॉल्बीपुढे काढल्यावर कान तक्रार करणारच. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत ओसरतं. सागरची पहिली शिट्टी मात्र त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात भीतीच्या रात्रीशी जोडली गेली. पुढे जे झालं त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

अडचण नेमकी काय होती

माझ्याकडे तो मार्चच्या शेवटी आला, वडिलांसोबत. तोवर सहा आठवडे गेले होते. कानाच्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. मळ नव्हता, पडदा ठीक होता. चक्करेवरच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वं घेऊन झाली होती. आईने लसूण घालून कोमट केलेलं तेल तीनदा कानात सोडलं होतं. एका ठिकाणी त्याला सांगण्यात आलं, “याला औषध नाही. सवय करून घे.”

हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी पेशंटच्या तोंडून ऐकते. गंमत अशी की ते खोटं नाही. शिट्टी बंद करणारी गोळी नाही आणि शेवटी होते ती सवयच. पण सवय कशी होते हे न सांगता रुग्णाला दारातून बाहेर काढलं की त्याच्या हातात फक्त पहिलं अर्धं वाक्य उरतं.

“शेजारच्या गल्लीत कुकरची शिट्टी अडकलीय आणि कुणी गॅस बंद करत नाहीये, असं वाटतं,” सागर म्हणाला. दिवसभर कामावर चालून जायचं. रात्री घरातले झोपले, रस्ता थांबला, की सुरू. झोप तीनला, उठणं सातला. जीएसटीच्या आकड्यांत चुका व्हायला लागल्या. शिवाय तो तीन गोष्टी करत होता, तिन्ही चांगल्या हेतूने आणि तिन्ही घातक. दिवसभर कानात फोमचे बोळे घालायचा, म्हणजे ‘कान आणखी खराब होणार नाहीत’. रात्री इअरफोन मोठ्याने लावून शिट्टी बुडवायचा. आणि दर थोड्या वेळाने, गाणं थांबवून, बोळा काढून, ती आहे का बघायचा. ती असायचीच.

कर्णनादाचा, म्हणजे कानात अशा वाजणाऱ्या आवाजाचा, त्रास मोजायला 25 प्रश्नांची एक प्रश्नावली असते, गुण 0 ते 100. सागरचे 74 आले. ही पातळी ‘तीव्र’ समजतात.

तपासणीत काय सापडलं, काय सुटलं

श्रवणालेख, म्हणजे कोणता सूर किती ऐकू येतो याचा आलेख, जवळपास स्वच्छ निघाला. 6000 हर्ट्झच्या उंच सुराला दोन्ही बाजूंना किंचित खळगा, म्हणजे तिथे ऐकू थोडं कमी; बाकी सगळं 20 डेसिबलच्या आत, म्हणजे ठीक. शिट्टी एकाच कानात असती, नाडीबरोबर ठोके पडत असते, चक्कर असती किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असतं, तर मी त्याच दिवशी पुढे पाठवलं असतं. विशेषतः अचानक ऐकू कमी झालं तर पहिले काही दिवस फार मोलाचे असतात. यातलं काही नव्हतं. घरच्यांना एमआरआय करून टाकायचा होता. मी नको म्हणाले, आणि तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

मग शिट्टी जुळवून पाहिली. यंत्रातून वेगवेगळे सूर ऐकवायचे आणि त्याने ‘हा’ म्हणायचं. सूर 6000 हर्ट्झच्या आसपास जुळला. मोठेपणा निघाला त्याच्या ऐकू येण्याच्या मर्यादेपेक्षा फक्त 5 डेसिबल वर. बहुतेकांचा असाच थोडका निघतो. मी ते उत्साहाने सांगितलं: “बघ, आवाज एवढासाच आहे.”

त्याचा चेहरा पडला. “म्हणजे मी नाटक करतोय का?”

सांगायचं होतं एक, पोचलं भलतंच. आवाज लहान असूनही त्रास खरा आणि मोठा असू शकतो, कारण त्रास डेसिबलवर ठरत नाही, मेंदू त्या आवाजाला काय समजतो यावर ठरतो. हे आधी सांगून मग आकडा दाखवायला हवा होता. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी कानाची तक्रार नसलेल्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं; त्यांतल्या 94 टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. मी हा प्रयोग सांगून सावरायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात इतका वेळ भिंतीला टेकून बसलेले वडील मोठ्याने बोलले. ते नेहमीच मोठ्याने बोलतात.

“अहो मॅडम, हे तर मलाबी आहे की. माग बंद केलं तरी कानात माग चालूच राहतंय.”

“किती वर्षं, काका?”

“ह्याच्या जन्माच्या आधीपास्नं. एकदा लाइट गेल्ती, सगळा कारखाना गप. मला वाटलं माझाच एक माग चालू राहिला. उठून बघून आलो.”

सागर वडिलांकडे बघतच राहिला. एका घरात 26 वर्षं काढून त्याला हे माहीत नव्हतं. वडिलांना विचारलं, त्रास नाही होत? ते म्हणाले, सुरुवातीला कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं, मग सोडून दिलं. कुणी विचारलं नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही.

त्या क्षणी मला वाटलं, निम्मं काम झालं. प्रत्यक्षात एक महत्त्वाची गोष्ट मी त्याच खोलीत घालवून बसले होते. माझ्या नोंदणीच्या अर्जात ‘व्यसन : तंबाखू / दारू / इतर’ अशी ओळ आहे. ती मी वडिलांसमोर मोठ्याने वाचली. सागर म्हणाला, “नाही.”

दुसऱ्या भेटीत काय बाहेर आलं

आठवड्याने तो एकटा आला. निघताना, दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाला, “मॅडम, एक विचारायचं होतं. गांजाने कान खराब होतात का?”

पुण्यात रूमवर सुरू झालं होतं. अभ्यास संपवून झोप यावी म्हणून रात्री एक. सोलापुरात आल्यावर कधी असायचा, कधी नसायचा. शिट्टी लागल्यापासून मात्र दिवसाला तीन, शेवटचा झोपताना. “घेतला की पहिली वीस-पंचवीस मिनिटं शिट्टी लांब जाते. मग उलटं होतं. सगळं लक्ष तिथंच जाऊन बसतं आणि पुन्हा ती रात्र आठवते.” जॉइंटमध्ये निम्मी तंबाखू असायची, सिगरेट फोडून घेतलेली. ही तंबाखूची गोष्ट मी लिहून घेतली आणि विसरले.

त्याला भीती दोन होत्या, वडिलांची आणि पोलिसांची. पहिलीवर माझा शब्द पुरेसा होता. दुसऱ्या भीतीबद्दल मी त्याला सरळ माहिती दिली: 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्याच कायद्यातलं कलम 64 अ मात्र, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनाचे उपचार घेणाऱ्याला या गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण देतं. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारतज्ज्ञावर गुप्ततेचं बंधन घातलंय. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर ‘नक्की सांगता येत नाही’ असंच आहे. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात नियमित गांजा ओढणं आणि कर्णनाद एकत्र आढळले, पण कोण कुणामुळे हे त्यातून कळत नाही. झोप लागावी म्हणून ओढणाऱ्यांत कर्णनादवाले जास्त असू शकतात. गांजा हे कर्णनादावरचं औषध आहे याला आधार नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत तर त्यातल्या घटकांनी त्रास वाढल्याचं दिसलंय. मात्र जास्त मात्रेत तो धडधड आणि घबराट वाढवतो, आणि घबराट शिट्टीला मोठं करते, हे सागरच्या स्वतःच्या वर्णनातच होतं.

समोर कोणते पर्याय होते

गोळ्या वाढवण्यात अर्थ नव्हता. अमेरिकेतल्या कान-नाक-घसातज्ज्ञांच्या संघटनेची 2014 ची मार्गदर्शिका गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि झिंकसारख्या गोळ्या कर्णनादासाठी देऊ नका असंच सांगते. शिफारस आहे ती विचार-वर्तन उपचारांची, म्हणजे सीबीटीची. कानात बसवायचं आवाजाचं यंत्र हा दुसरा पर्याय होता, पण त्याला ऐकू नीट येत होतं आणि किंमत त्याच्या दोन पगारांच्या वर जात होती. तिसरा पर्याय, लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं. तो म्हणाला, “घरी कळलं तर येडा झालाय म्हणतील.” चौथा, आधी गांजा सोडू दे, मग बघू.

मी चौथा निवडला. का, याचं प्रामाणिक उत्तर असं की तो फुकट होता, सोपा वाटत होता आणि गांजा या शब्दाने मीही थोडी बिचकले होते. व्यसन सुटल्याशिवाय बाकीचं बोलण्यात अर्थ नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा समज. मी त्याला म्हणाले, “आधी हे सोड. निम्मा आवाज तिथंच जाईल.”

पहिला निर्णय कसा फसला

त्याने त्याच दिवशी सोडलं. उरलेली पुडी संडासात ओतली. मुलगा शब्दाचा पक्का, आणि नेमकं तेच नडलं.

दुसऱ्या दिवसापासून घाम, चिडचिड, जेवण नको. चौथ्या दिवशी आईवर ओरडला. झोप दोन तासांवर आली, आणि लागली की विचित्र, रंगीत स्वप्नं. शिट्टी कमी व्हायच्या ऐवजी कधी नव्हे एवढी मोठी झाली. गांजा एकदम थांबवल्यावर हे होतं: एक ते तीन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात टोकाला जातं, दोनेक आठवड्यांत बरंचसं उतरतं, झोप आणि स्वप्नं महिनाभरही रेंगाळू शकतात. 2013 पासून मनोविकारांच्या प्रमाण वर्गीकरणात याला स्वतंत्र नोंद आहे. वर सिगरेटची तंबाखूही त्याच दिवशी सुटली होती, म्हणजे दोन व्यसनं सुटतानाचा त्रास एकत्र आला. मी यातलं काहीच त्याला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, निम्मा आवाज जाईल.

नवव्या रात्री त्याने मित्राकडून आणून ओढला. शिट्टी लांब गेली, झोप लागली. सकाळी फोन: “मॅडम, तुम्ही काय पण म्हणा, हेच औषध आहे.”

माझ्या सल्ल्याने मी त्याला गांजाच्या बाजूचा पुरावा तयार करून दिला होता. त्याने प्रयोग चोख केला होता: बंद केलं, वाढलं; घेतलं, कमी झालं. यावर वाद कसा घालणार?

फोनवर तो पुढे म्हणाला, “आणि हे असंच राहणार असेल तर जगून तरी काय करायचंय.” अशा वेळी विषय बदलायचा मोह होतो. मी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? कसा द्यायचा हे ठरवलंय का? विचार येऊन जातो, ठरवलेलं काही नाही, आईचा चेहरा समोर येतो, असं तो म्हणाला. त्याला बोलतं ठेवलं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक लिहून घ्यायला लावला, आणि त्याच दुपारी माझ्या ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. या वेळी ‘तू ठरव’ म्हटलं नाही. “चारला ये, मी सोबत येते,” एवढंच म्हणाले.

दुसरी मांडणी

डॉक्टरांनी सवय लावणाऱ्या झोपेच्या गोळ्या मुद्दाम टाळल्या. चिंतेवरची एसएसआरआय गटातली गोळी अगदी कमी मात्रेत सुरू केली आणि बजावलं की पहिले दोन आठवडे अस्वस्थता थोडी वाढू शकते, घाबरून बंद करायची नाही. त्यांच्याकडच्या समुपदेशक बाईंनी सीबीटी घ्यायचं ठरलं, आठवड्यातून एकदा. शिट्टी आणि आवाज माझ्याकडे. येडं म्हणतील या भीतीवर तोडगा त्यानेच काढला: घरी सांगायचं की कानाच्याच डॉक्टरकडे जातोय. कानाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा तासभर गप्पा का मारतो, हे आईने कधी विचारलं नाही.

गांजा या वेळी पायऱ्यापायऱ्यांनी. आधी दिवसाचे दोन बंद, रात्रीचा एक ठेवायचा. तंबाखू वेगळी काढली, त्यासाठी निकोटिनचा च्युइंग गम. मग शेवटचा बंद करायची तारीख ठरवली, 2 मे. सगळ्यात उपयोगी पडली ती पुढची गोष्ट. समुपदेशक बाईंनी कॅलेंडरवर 3 मेपासूनचे दहा दिवस लाल पेनाने घेरले आणि त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं: ‘शिट्टी वाढणार. झोप जाणार. हे उतरण्याचं लक्षण आहे.’ पाचव्या दिवशी शिट्टी वाढली तेव्हा त्याने मला फोटो पाठवला, कॅलेंडरचा, खाली एकच शब्द: ‘बरोबर.’

बाकीचं बरंच साधं होतं. बोळे फक्त माग आणि डॉल्बीजवळ, घरात अजिबात नाही. कानाला सतत शांतता दिली की मेंदू आपलं ऐकणं आणखी वाढवतो. इअरफोनने बुडवणं बंद. कानात तेल बंद. शिट्टी ‘बघणं’ दिवसातून किती वेळा होतं हे रेघोट्या मारून मोजायचं. पहिल्या दिवशी 61 रेघा. रात्री खोलीत मंद आवाज ठेवायचा, शिट्टीपेक्षा किंचित खाली, म्हणजे दोन्ही ऐकू येतील असा. हा मुद्दा लोकांना पटकन पटत नाही. शिट्टी झाकून टाकली तर मेंदू तिच्यासोबत राहायला शिकत नाही. ती मागे, बिनमहत्त्वाची ऐकू येत राहायला हवी. 1990 मध्ये पावेल जास्त्रेबॉफ यांनी मांडलेल्या प्रारूपाचं सार हेच: कानातून आलेला क्षुल्लक संकेत भीतीच्या यंत्रणेला जोडला गेला की तो धोक्याचा भोंगा होतो. जोड सैल करायची; भोंगा आपोआप साधा आवाज होतो.

एक गृहपाठ आमच्या डोक्यातला नव्हता, सागरचाच. एका संध्याकाळी तो वडिलांना न्यायला मागाच्या कारखान्यात गेला, कानात बोळे घालून. पाळी संपली, वडिलांनी बटण दाबलं, धोटा थांबला. दोघं बाहेरच्या पायरीवर चहा घेऊन बसले. वडील नेहमी तिथे दहा मिनिटं बसतात. “कानातला माग जरा बसू देतो, मग निघतो,” ते म्हणाले. सागरने बोळे काढले. वहीत त्याने लिहिलंय: ‘त्यांचा माग आणि माझी शिट्टी दोन्ही चालू. चहा प्यालो. वडिलांनी पाचशेची मोड मागितली.’ समुपदेशक बाईंच्या तीन तासिकांनी जे साधलं नव्हतं ते या पायरीवर साधलं, असं त्या स्वतः म्हणाल्या.

कूलर बंद झाला

मेअखेरीला गुण 40 वर आले. आम्ही सगळे खूश. गांजा सुटला, गोळी लागू पडली, सीबीटी जमलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला आणि पुढच्या भेटीत गुण 62. सागर पार खचला होता. गोळी वाढवायची का, यावर डॉक्टरांशी बोलणं झालं. त्याने चोरून पुन्हा सुरू केलं असेल, हेही माझ्या मनात येऊन गेलं. लिहायला बरं वाटत नाही, पण आलं.

उत्तर आईकडून मिळालं. ती सहज म्हणाली, “कूलर काढून ठेवल्यापासून झोपत नाही बघा हा.”

सोलापूरचा मे. पारा 43-44 वर, घराघरात खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर रात्रभर घरघरतोय. कर्णनादासाठी यापेक्षा चांगला मंद आवाज मी लिहून देऊ शकले नसते. आमच्या मेमधल्या यशात त्या कूलरचा मोठा वाटा होता आणि तो कुणीच हिशेबात धरला नव्हता. मी सांगितलेला मंद आवाज सागर लावतच नव्हता, कारण गरज पडत नव्हती. पाऊस आला, खोली शांत झाली, शिट्टी उघडी पडली.

गोळी वाढवली नाही. माळ्यावरचा जुना टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला, आवाजापुरता. झोप चार-पाच रात्रींत परतली, गुण जुलैअखेर 38.

पुन्हा करायचं तर

व्यसनाचा प्रश्न मी आता कुणासमोर विचारत नाही. सोबत आलेल्यांना तपासणीच्या वेळी बाहेर बसवते आणि मग विचारते, “झोप यावी म्हणून काही घेता का? गोळी, दारू, गांजा?” प्रश्न झोपेपासून सुरू केला की उत्तर येतं.

‘सोडलं की जाईल’ असं मी कुणालाही म्हणत नाही. सोडायची कारणं भरपूर आहेत, शिट्टीचं आमिष लागत नाही. आणि सोडण्याआधी पुढचे दोन आठवडे कसे असतील ते रुग्णाच्याच हाताने लिहून घ्यावं. मनोविकारतज्ज्ञांकडे मी त्याला दुसऱ्या भेटीतच न्यायला हवं होतं. त्या फोनपर्यंत थांबायची वेळ यायला नको होती. त्या नऊ दिवसांत काही वाईट घडलं नाही यात माझं कर्तृत्व शून्य.

एमआरआय न करणं, बोळे काढणं, गोळी न वाढवणं हे पुन्हाही तसंच करीन. पायऱ्यापायऱ्यांनी सोडणं सगळ्यांना जमेल असं मात्र नाही. रात्रीचा एक ठेवायचा म्हटल्यावर तो एक काहींच्या बाबतीत तीन होतो. सागरला जमलं, कारण तारीख ठरलेली होती आणि दर आठवड्याला विचारणारं कुणीतरी होतं.

पुढे काय झालं

गणपतीत मित्रांसोबत त्याने एकदा ओढला. रात्री शिट्टी वाढली, धडधड झाली. त्याने टेबलफॅन लावला, जाग आली तेव्हा सकाळ झाली होती. हे त्याने स्वतःहून सांगितलं, तेही दाराच्या कडीवर हात न ठेवता. त्यानंतर नाही. गोळी चालू आहे, कधी थांबवायची ते डॉक्टर बघतील. नोव्हेंबरला गुण 26.

वडिलांचा श्रवणालेखही काढला. 4000 हर्ट्झला खोल दरी, यंत्रमागाच्या माणसांची ठरलेली सही. कानाचं यंत्र घ्यायला ते तयार नव्हते: “यंत्र लावलं तर कानातलं माग अजून मोठं होईल की.” बहुतेकदा उलटं होतं, बाहेरचे आवाज आत आले की आतला मागे पडतो. दोन महिने घासाघीस करून एका कानाला घेतलं. लग्नकार्यात आणि देवळात लावतात, कारखान्यात काढून ठेवतात. मागावर जाताना आता बोळे घालतात, तेही सागरने सक्ती केली म्हणून.

जानेवारीत गड्डा यात्रेनंतर दोघं आले. सिद्धेश्वराच्या यात्रेत पाळणे, भोंगे, मौत का कुआँ, सगळं फिरून झालं होतं, बोळे खिशात. वडिलांच्या यंत्राचा सेल संपला होता, त्यासाठी आले होते. सेल बदलता बदलता मी सागरला विचारलं, शिट्टी काय म्हणते?

तो थांबला. मान किंचित तिरकी करून ऐकू लागला, तीन-चार सेकंद.

“आहे,” म्हणाला. “मॅडम, हा सेल किती दिवस चालतो?”